बाजार पूर्वेकडे सरकतो तेव्हा : सांगलीतल्या झोन बदलाची पार्श्वभूमी

पावसाळ्यात सांगलीकर एकमेकांना भेटले की पहिला प्रश्न ठरलेला, "आयर्विनला किती फूट झालं?" १९२९ साली वाहतुकीला खुल्या झालेल्या या पुलापाशी कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट. २०१९च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर चढलं. घरांशेजारची जागा वाणिज्य विभागात घेण्यावरून, म्हणजे तिचा झोन बदलण्यावरून, पूर्वेकडच्या विश्रामबाग भागात जी कुरबूर चालते, तिचा उगम लोक महापालिकेत शोधतात. माझ्या मते तो निम्मा तरी या पुलापाशी आहे.

१८०१ साली चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन मिरजेतून वेगळे झाले आणि सांगली राजधानी झाली. बाजार वाढला तो नदीच्या आणि गणपती मंदिराच्या आसऱ्याने. गणपती पेठ, हरभट रोड, मारुती चौक हा सगळा त्याच जुन्या गावाचा भाग. तिथे खाली पेढी आणि वर बिऱ्हाड ही रीतच होती. हळदीची पोती दारात उतरायची, त्यावर कुणी हरकत घ्यायचं कारण नव्हतं. पोती ज्यांची, घरही त्यांचंच.

विश्रामबागचं तसं नव्हतं. मिरज रस्त्यालगतच्या या उंचवट्याच्या जागेत १९१९ साली विलिंग्डन कॉलेज आलं, १९४७ साली इंजिनिअरिंग कॉलेज आलं. १९४९ साली दक्षिण सातारा जिल्हा झाला (त्याचंच नाव १९६०मध्ये सांगली झालं) आणि सरकारी कचेऱ्या, नोकरदार वाढले. प्राध्यापक, बँकवाले, साखर कारखान्यातले अधिकारी यांनी सोसायट्या करून प्लॉट घेतले. बंगली, पुढे आंबा किंवा नारळ, मागे मोरी, कोपऱ्यावर एखादं किराणा दुकान. इथे घर घेणाऱ्याने बाजारापासून लांब राहण्याचेच पैसे मोजले होते.

मग २००५चा पूर आला. हरिपूरची हळदीची पेवं त्यात गेली. जमिनीखाली वर्षानुवर्षं हळद टिकवणारी ती व्यवस्था पाण्याने बुजवून टाकली. २०१९ आणि २०२१ला पेठा पुन्हा पाण्यात. दुकानातला चिखल फावड्याने ओढून झाला की व्यापारी हिशेबाला बसतो आणि पूर्वेला जागा बघायला लागतो. यात त्याला दोष देता येत नाही. आधी दवाखाने आणि बँका आल्या, मग शोरूम, मग हॉटेलं. शहरातली जी जमीन पुरापासून सुरक्षित, तिच्यावर घरं आधीच उभी होती. ही खरी अडचण आहे, आणि ती कुठल्याच नकाशाने अजून नीट हाताळलेली नाही.

नकाशाचा कायदा म्हणजे १९६६चा महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम. विकास आराखडा करायचा, वीस वर्षांत एकदा तरी त्याची फेरतपासणी करायची, प्रारूप जाहीर करून हरकती-सूचना मागवायच्या, सुनावणी घ्यायची, मग शासनाची मंजुरी. तेव्हा निदान गाजावाजा होतो. रहिवाशांना चकवते ती कलम ३७ची वाट. आराखड्याचं मूळ स्वरूप बदलत नसेल, तर एकेका जमिनीपुरता फेरबदल या कलमाखाली करता येतो. त्यालाही जाहीर नोटीस आणि एक महिन्याची मुदत आहेच, पण नोटिशीची भाषा अशी असते : "मौजे सांगली येथील सर्व्हे नंबर अमुक पैकी क्षेत्र रहिवास विभागातून वगळून वाणिज्य विभागात समाविष्ट करणे." गल्लीचं नाव नाही, चौकाचं नाही, जवळच्या शाळेचं नाही. आपल्या कंपाउंडपलीकडची जागा हीच, हे कळायला भाग नकाशा काढून आणावा लागतो. बहुतेकांना ते कळतं पत्रे ठोकले जातात तेव्हा, आणि महिना कधीच उलटलेला असतो.

फेब्रुवारी १९९८मध्ये सांगली, मिरज आणि कुपवाड मिळून महापालिका झाली. तिच्या महासभेतले 'ऐनवेळचे विषय' हे सांगलीच्या चहाच्या गाड्यांवरचं जुनं खाद्य आहे. विषयपत्रिकेत नसलेला विषय ऐनवेळी घेतला, तर हरकत घेणार कोण आणि कधी? ऑगस्ट २०२३मध्ये सभागृहाची मुदत संपली, पुढे दोन वर्षांहून अधिक काळ प्रशासक राहिले, तेव्हा तर ठराव करणारा एकच आणि वॉर्डातून जाब विचारायला नगरसेवकही नाही.

शामरावनगरसारख्या गुंठेवारीत, म्हणजे गुंठ्यागुंठ्याने विकलेल्या जमिनीवरच्या वस्तीत, राहणाऱ्यांना हा वाद थोडा चैनीचा वाटतो. तिथे ले-आउटच नव्हता, पावसाचं पाणी आठवडे साचून राहतं. २००१च्या गुंठेवारी कायद्याने घरं नियमित करायची सोय झाली. मुळात सोडलेलीच नसलेली मोकळी जागा मात्र कायदा कुठून आणणार?

आरक्षणाचं प्रकरण वेगळं. बागेसाठी, शाळेसाठी राखलेली जमीन महापालिकेने आराखडा लागू झाल्यापासून दहा वर्षांत घेतली नाही, तर मालक कलम १२७खाली नोटीस देऊ शकतो आणि २०१५च्या दुरुस्तीनंतर २४ महिन्यांत संपादनाची पावलं पडली नाहीत की आरक्षण व्यपगत होतं, म्हणजे आपोआप संपतं. पैसे नाहीत म्हणून बाग गेली, असा त्याचा साधा अर्थ.

आणि आता झोन बदलण्याचीही फारशी गरज उरलेली नाही. डिसेंबर २०२०मध्ये मुंबई वगळून जवळपास सगळ्या राज्याला एकत्रित विकास नियंत्रण नियमावली लागू झाली. तिच्यात रहिवास विभागातच रस्त्याच्या रुंदीप्रमाणे दुकानं, कचेऱ्या, हॉटेलं बसतात. रस्ता जितका रुंद, तितकी मोकळीक जास्त. म्हणजे नकाशावर यलो झोन, अर्थात रहिवास विभाग, यलोच राहतो आणि शेजारी तीन मजली शोरूम रीतसर परवानगीने उभी राहते. तळघरात पार्किंग दाखवलेलं असतं, तिथे पुढे गोडाऊन होतं, गाड्या आपल्या फाटकासमोर लागतात, जनरेटरचं तोंड आपल्या झोपायच्या खोलीकडे येतं. शंभर फुटी रस्त्याच्या आतल्या गल्ल्यांतल्या लोकांना हे वेगळं सांगायला नको. म्हणून 'झोन बदल' एवढ्याच शब्दावर नजर ठेवणाऱ्यांची गफलत होते. बघायला हवी ती रस्ता रुंदीकरणाची रेषा.

हरकत घेणाऱ्याला "तुमचा काय संबंध?" असं विचारलं जातं, त्याचं उत्तर जुनंच आहे. बेंगळुरूत बागेसाठी राखलेली जागा खासगी रुग्णालयाला दिली गेली तेव्हा तिथले रहिवासी न्यायालयात गेले. १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने ते वाटप रद्दच धरलं, आणि आसपास राहणाऱ्यांना दाद मागण्याचा अधिकार आहे हेही स्पष्ट केलं. सांगलीत ज्या हरकती दाखल होतात, त्यांत "शांतता भंग होईल" हे वाक्य हमखास असतं. सुनावणीत ते फार टिकत नाही. रस्त्याची प्रत्यक्ष मोजलेली रुंदी, ड्रेनेजच्या पाइपचा व्यास, ओत (पावसाचं पाणी वाहून नेणारा नैसर्गिक प्रवाह) बुजवून भराव टाकला असेल तर त्याचे फोटो, पुराची हद्द दाखवणाऱ्या निळ्या-लाल पूररेषेपासूनचं अंतर, असं काही कागदावर असेल तर अधिकाऱ्याला त्यावर शेरा मारावा लागतो, आणि पुढे कोर्टात तो शेराच वाचला जातो.