सीबीडीची फोडणी नको

सीबीडी म्हणजे कॅनाबिडिऑल, गांजाच्या झाडातलंच रसायन पण नशा न करणारं. नशा चढवतं ते टीएचसी, आणि गंमत बघा, दोघांचं सूत्र एकच, २१ कार्बन, ३० हायड्रोजन, २ ऑक्सिजन, फक्त जोडणी जराशी वेगळी. अमेरिकेत २०१८ च्या फार्म बिल नावाच्या शेती कायद्यामुळे जास्तीत जास्त ०.३ टक्के टीएचसी असलेलं हेम्प, म्हणजे गांजाचंच नशा न आणणारं झाड, कायदेशीर झालं आणि मग लोक सीबीडी तेल ब्राउनीत, कॉफीत, सॅलडवर, दिसेल त्यात घालायला लागले.

आता काळ्या कॉफीत चार थेंब टाकले तर काय होतं, तेल वर तरंगतं आणि बरंचसं कपालाच चिकटतं. कारण सीबीडी पाण्यात विरघळत नाही, त्याला तूप, लोणी, साय असलं काहीतरी लागतं. भांग दुधातुपातून द्यायची आपली जुनी पद्धत आहे ना, तिच्यामागेही हेच रसायनशास्त्र. आणि नुसतं तोंडातून घेतलं तर जेमतेम ६ टक्क्यांच्या आसपासच रक्तात पोचतं, बाकीच्यातलं बरंचसं यकृत वाटेतच निकालात काढतं. मिरगीवरचं एपिडिओलेक्स हे सीबीडीचंच औषध (अमेरिकेत २०१८ ला मंजूर), ते भरपूर फॅटच्या जेवणासोबत दिलं तर शरीरात जवळजवळ चौपट शोषलं गेलं. म्हणजे तीच बाटली, तेवढेच थेंब, पण उपाशीपोटी वेगळा हिशोब आणि पोटभर जेवणावर वेगळा.

दुसरी भानगड आचेची. साधारण १६० ते १८० अंशांच्या पुढे सीबीडी उडायला आणि बिघडायला लागतं आणि मोहरी तडतडते तेव्हा तेल त्याच टप्प्यात असतं, त्यामुळे फोडणीत टाकाल तर पैसे धुरात. मग केकचं काय, ओव्हन तर १८० वर असतो? तर केकच्या आत ओलावा असेपर्यंत तापमान शंभरीच्या पुढे फारसं जात नाही, मार बसतो तो वरच्या खरपूस कडेला. तरी माझ्या मते गॅस बंद करून शेवटी घालणंच बरं, आपण वरणावर तूप सोडतो तसं.

मापात लोक सगळ्यात जास्त गंडतात. ३० मिलीच्या बाटलीत ६०० मिग्रॅ असेल तर १ मिलीत २० मिग्रॅ. ते आधी पातळ लोण्यात नीट फेटून मग पिठात घातलं नाही तर एका वडीत सगळं आणि बाकीच्या पंधरा कोरड्या. ब्रिटनच्या अन्न खात्याने ऑक्टोबर २०२३ मध्ये निरोगी मोठ्या माणसांसाठी दिवसाला १० मिग्रॅचा सल्ला दिला, आधी तो ७० होता, एवढा खाली आणला कारण रोज घेतल्यावर यकृताला त्रास व्हायची शक्यता. रक्त पातळ करणारं वॉरफरिन किंवा फिट्सच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोच, ही औषधं यकृतातले जे एन्झाइम्स निकालात काढतात त्यांनाच सीबीडी अडवतं आणि औषध रक्तात साचत जातं.

भारतात एफएसएसएआयने, म्हणजे अन्नसुरक्षा बघणाऱ्या सरकारी संस्थेने, २०२१ मध्ये हेम्पचं बी, बियांचं तेल आणि पीठ खाण्यासाठी मान्य केलं. पण बियांत सीबीडी जवळपास नसतंच, ते असतं फुलांवरच्या चिकट ग्रंथींत, त्यामुळे हेम्प सीड ऑइल आणि सीबीडी ऑइल एकच समजून बाटली आणू नका. कुमाऊँ-गढवालकडे भांगेच्या बिया भाजून, हिरवी मिरची, लिंबू, मीठ घालून वाटलेली चटणी करतात. तिने डोकं हलकं होत नाही, फक्त भाकरी जास्त जाते.