रेट लिमिट आणि कोटा एकाच पानावर कोंबू नका, एजंट गोंधळतो

रेट लिमिट म्हणजे काय हे मी सांगत बसत नाही, मिनिटाला ६० म्हणजे मिनिटाला ६०, एकसष्टावी रिक्वेस्ट गेली की सर्व्हरकडून ४२९ (फार रिक्वेस्ट झाल्या) हा एरर कोड येतो, जरा थांबायचं आणि परत मारायची. कोटा पण माहितीतलाच, महिन्याचे दहा हजार कॉल, संपले की संपले. तरी एआय एजंटला, म्हणजे आपल्या वतीने कामं करणाऱ्या प्रोग्रॅमला, वापरायला दिलेल्या टूलचं डॉक्युमेंटेशन लिहायला बसले की लोक दोन्ही "लिमिट्स" नावाच्या एकाच पानावर कोंबतात आणि खाली लिहितात, लिमिट ओलांडल्यास कृपया थोड्या वेळाने प्रयत्न करा. हे "थोड्या वेळाने" दिसलं की माझं डोकंच फिरतं.

इंदूरवाल्याला पोह्याच्या ठेल्यावर हे रोज दिसतं. गर्दी आहे, ठेलेवाला भिया म्हणतो "दो मिनट रुको", तर उभं राहायचं, प्लेट मिळणारे. ही रेट लिमिट. पोहेच संपले, तो भांडी आवरतोय, तर तिथे दोन मिनिटं थांबा नाहीतर दोन तास, उद्या सकाळीच या. हा कोटा. आपल्याला रिकामं भांडं दिसतं म्हणून कळतं, पण एजंटला ते दिसत नाही ना, त्याच्याकडे आपण लिहून दिलेला मजकूर तेवढा असतो.

आणि मजकूर काय, तर दोन्हीला ४२९. हा कोड २०१२ च्या आरएफसी ६५८५ (इंटरनेटचे नियम लिहिलेला दस्तऐवज) मधून आला आणि त्यात सरळ लिहिलंय की सर्व्हर युजर कसा ओळखतो, रिक्वेस्ट कशा मोजतो हे आम्ही ठरवत नाही, आणि किती थांबायचं ते सांगणारा रिट्राय-आफ्टर हेडर (उत्तरासोबत येणारी माहितीची ओळ) पण ऐच्छिक. म्हणजे ते सगळं आपणच लिहायचं असतं. ओपनएआयच्या एपीआयमध्ये क्रेडिट संपलं तरी ४२९ च येतो, फक्त आत एररचं नाव "इनसफिशियंट कोटा" असतं, नुसता नंबर बघणाऱ्याला फरक कळणारच नाही.

आमच्याकडे हेच झालं. टूलच्या वर्णनात मीच लिहिलं होतं, ४२९ आल्यास दुप्पट वेळ थांबून परत प्रयत्न करावा. महिन्याचा कोटा संध्याकाळीच संपला, मी थंडीचा सराफ्यात, म्हणजे इंदूरच्या रात्रीच्या खाऊबाजारात, गराडू (तळलेला कंद) खाऊन येऊन झोपलो, आणि एजंट बिचारा रात्रभर एक, दोन, चार, आठ सेकंद करत, मग दर मिनिटाला, दार ठोठावत बसला. लॉग बघून त्याच्यावर चिडता पण येईना, सांगितलं तेच केलं त्याने.

आता मी वर्णनातच लिहितो, वेगळ्या पानावर नाही, कारण ते पान एजंट उघडेलच याची खात्री नसते: "एरर रेट_लिमिट असेल तर रिट्राय-आफ्टरमधले सेकंद थांबून तीच रिक्वेस्ट परत पाठव, जास्तीत जास्त तीनदा. एरर कोटा_संपला असेल तर परत पाठवू नकोस, काम थांबव, आतापर्यंत किती झालं ते सांग आणि कोटा कधी उघडेल ती तारीख माणसाला कळव." एररच्या जेसनमध्ये (प्रोग्रॅमने वाचायच्या ठराविक रचनेतल्या उत्तरात) पण "परत_पाठवायचं: नाही" असं वेगळं फील्ड ठेवलंय, सभ्य भाषेतल्या वाक्यातून त्याला अर्थ काढायला लावायचा नाही.

युनिट पण लिहा बाबांनो. रिट्राय-आफ्टरमध्ये सेकंद असू शकतात किंवा सरळ तारीख-वेळ, आणि गिटहबच्या, लिमिट परत कधी उघडेल ते सांगणाऱ्या, रीसेट हेडरमध्ये १९७० पासून मोजलेले सेकंद येतात, तो दहा आकडी नंबर कोणी "एवढे सेकंद थांब" असा वाचला तर पन्नासेक वर्षं गेली की.

रिक्वेस्ट मोजायची पद्धत टोकन बकेट आहे की फिक्स्ड विंडो, त्याची डायग्राम वगैरे इंजिनिअरांसाठी ठेवा, एजंटला एकदम दहा रिक्वेस्ट मारलेल्या चालतील का एवढं सांगितलं की पुरे. लिमिट कशावर लागते, एपीआय-कीवर (टूल वापरायच्या गुप्त किल्लीवर) का आयपी पत्त्यावर, हे मात्र पहिल्याच ओळीत पाहिजे, कारण एका एजंटने पाच पोट-एजंट सोडले आणि सगळ्यांची एपीआय-की एकच असली तर मिनिटाचे ६० पाचजणांत मिळून आहेत, प्रत्येकाला ६० नाहीत.