ॲनिमे फिगर किट: पॅनेल लाइनर लावण्याआधी वाचा

‘पार्ट मुळातच तडकलेला आला आहे, बदलून द्या’ असा निरोप आमच्याकडे सतत येतो. सोबतच्या फोटोंत जागा बहुधा त्याच असतात. मांडी कमरेला जोडतो ती खोबण, कोपराभोवतीची पातळ भिंत, मनगटाचे टोक, किंवा मागचे केस डोक्यात बसतात ते भोक. असा फोटो मोठा करून पाहिला की चिरेच्या आत तपकिरी किंवा करडी रेघ दिसते. पार्ट साच्यातून निघताना किंवा प्रवासात तुटला असता, तर चीर कोरडी राहिली असती, प्लास्टिकच्याच रंगाची किंवा फार तर पांढुरकी. आतली रेघ पॅनेल लाइनरची, म्हणजे खोल रेषा उठून दिसाव्यात म्हणून त्यांत सोडायच्या पातळ रंगाची असते. किट पूर्ण जोडून झाल्यावर त्यावर एनॅमल, म्हणजे तेली रंगाचा, लाइनर सोडला गेला, तो सांध्यात उतरला आणि रात्रीतून खोबण तडकली, असेच बहुतेक वेळा घडलेले असते.

लाइनर ही चांगलीच वस्तू आहे. कपड्यांच्या घड्या, चिलखताच्या फटी, बोटांमधल्या रेषा त्यानेच उठून दिसतात. आम्ही तो विकतो आणि स्वतःच्या कामातही रोज वापरतो. चुकते ती वेळ. लाइनर सुट्या पार्टवर लावायचा असतो, जोडलेल्या किटवर नाही.

कारण समजून घेतले तर ही चूक पुन्हा होत नाही. बंदाई या जपानी कंपनीने 1980 साली गंडम या रोबोचे पहिले 1/144 प्रमाणातले किट काढले तेव्हा पार्ट सिमेंट, म्हणजे प्लास्टिक वितळवून जोडणारा गोंद, लावून चिकटवावे लागत. आजची किट दाबून बसतात. कोतोबुकिया कंपनीची 2015 पासूनची फ्रेम आर्म्स गर्ल, 2016 पासूनची मेगामी डिव्हाइस आणि बंदाईची 2021 मध्ये आलेली 30 मिनिट्स सिस्टर्स ही सगळी याच पद्धतीची आहेत. दाबून बसण्यासाठी खुंटी खोबणीपेक्षा किंचित जाड ठेवलेली असते. ती आत गेली की खोबणीची भिंत बाहेरच्या बाजूला ताणली जाते आणि तशीच ताणलेली राहते. नुसत्या ताणाने प्लास्टिक तुटत नाही, वर्षानुवर्षे टिकते. पण पेट्रोलियमपासून केलेले एनॅमलचे थिनर, म्हणजे रंग पातळ करणारे द्रव, ताणलेल्या प्लास्टिकमध्ये शिरले की आतली रेणूंची साखळी सैल होते आणि जिथे ताण सर्वात जास्त तिथून चीर धावते. तेच थिनर सुट्या, ताण नसलेल्या पार्टवर थोडेसे लागले तर उडून जाते, काही बिघडत नाही.

लाइनर मुद्दाम पातळ केलेला असतो. ब्रशचे टोक रेषेला लावले की केशाकर्षणाने तो आपोआप पुढे धावतो, म्हणूनच तो इतका सोयीचा. पण दोन पार्टमधली फटही त्याच्या दृष्टीने रेषाच आहे. तो तिथूनही आत धावतो, खुंटीभोवती साचतो आणि बंद जागेत हवा लागत नसल्याने तासन् तास ओलाच राहतो. बाहेरून तुम्ही सगळे पुसून स्वच्छ केलेले असते, आत मात्र थिनरचे काम चालूच असते. म्हणून चीर लगेच दिसत नाही, दुसऱ्या दिवशी दिसते, आणि पार्ट आपणहून तडकला असे वाटते.

फिगर किटमध्ये हे रोबो किटपेक्षा जास्त का होते, असेही विचारले जाते. नाजूक मनगट, बारीक दंड आणि सडपातळ कंबर दाखवायची म्हणून भिंती पातळ ठेवाव्या लागतात, आणि इतक्या छोट्या जागेत फिरणारा सांधाही बसवायचा असतो. सांध्याचे काही पार्ट झीज सोसावी म्हणून एबीएस या चिवट प्लास्टिकचे असतात, आणि एबीएस थिनरच्या बाबतीत फार हळवे. कोणता पार्ट कशाचा हे ओळखणे सोपे आहे. पार्ट ज्या चौकटीला लागून येतात त्या रनरच्या पट्टीवर अक्षराशेजारी पीएस (पॉलिस्टायरीन), एबीएस, पीई (पॉलिथिलीन) अशी खूण बहुधा असते, आणि माहितीपुस्तिकेतही तक्ता असतो. निपर, म्हणजे पार्ट कापायची पक्कड, हातात घेण्यापूर्वी ज्या रनरवर एबीएस दिसेल त्याचा फोटो काढून ठेवा. पार्ट कापून ढीग झाल्यावर ही माहिती परत मिळत नाही. मात्र साधे पीएसही ताणाखाली तडकते. ‘माझे किट एबीएसचे नाही’ म्हणून निर्धास्त राहू नका.

आता क्रम. पार्ट कापा, घासा आणि एकदा कोरडे जोडून पाहा. या वेळी खुंट्या पूर्ण खोल दाबू नका. खुंटीचे टोक तिरके कापले आणि अंगावरून 600 नंबरचा सँडपेपर थोडा फिरवला, तर पकड पुरेशी राहते, ताण कमी होतो आणि रंगासाठी पार्ट सोडवताना खुंटी तुटत नाही. मग पार्ट सुटे करून रंग द्या. लॅकर या जातीच्या रंगाचा ग्लॉस क्लिअर, म्हणजे चकचकीत पारदर्शक थर, मारून एक दिवस वाळू द्या आणि त्यावर लाइनर लावा. अर्ध्या तासाने कापसाची काडी एनॅमल थिनरमध्ये बुडवून टिशूवर टेकवा, ती जेमतेम दमट राहिली पाहिजे. रेषेला आडवी फिरवून जादाचा रंग उचला. मग पार्ट रात्रभर सुटेच ठेवा. सकाळी मॅट टॉपकोट, म्हणजे बिनचमकीचा वरचा पारदर्शक थर, द्या आणि तो वाळला की जोडणी करा. ही एक रात्र वाचवायला जाऊ नका. आमच्याकडे येणाऱ्या तडकलेल्या पार्टपैकी काहींना लाइनर सुटे असतानाच लावलेला असतो, पण तासाभरातच ते दाबून बसवलेले असतात. थिनर उडालेले नसताना ताण दिला, तर परिणाम तोच.

‘मी आधी टॉपकोट दिला होता, तरी तडकला’ अशीही तक्रार येते. टॉपकोट पृष्ठभागाला झाकतो. जोडलेल्या किटवर स्प्रे मारला तर खोबणीच्या आत तो पोहोचत नाही, तिथले प्लास्टिक उघडेच राहते आणि लाइनर नेमका तिथेच जातो. क्लिअरचा थर सुट्या पार्टसाठी उपयोगी आहे. जोडलेल्या किटला त्याचे संरक्षण मिळत नाही.

बाटल्यांचा घोळ वेगळा. तामिया कंपनीचे एक्स-20 हे एनॅमलचे थिनर आणि एक्स-20ए हे ॲक्रिलिकचे. शेवटच्या एका अक्षराने पदार्थ बदलतो, म्हणून मागणी लिहिताना पूर्ण क्रमांक लिहा. जीएसआय क्रिऑस कंपनीचा मिस्टर कलर हा लॅकर आहे आणि त्याचे थिनर सर्वात तीव्र. खाली लॅकर, वर ॲक्रिलिक किंवा एनॅमल, हा क्रम लक्षात ठेवा. पक्क्या वाळलेल्या लॅकरला एनॅमल थिनर विरघळवत नाही, म्हणून वरचा लाइनर पुसता येतो. उलट केले, म्हणजे एनॅमलवर लॅकरचा ओला थर दिला, तर खालचे काम वाहून जाते. लाइनरवर लॅकर टॉपकोट द्यायचा असेल तर पहिले दोन हात दुरून, अगदी कोरडे द्या.

ज्यांना रंगकाम करायचे नाही, किट जोडून फक्त रेषा हव्यात, त्यांनी एनॅमल लाइनर घेऊच नये असे आमचे मत आहे. आमच्याकडे पाण्याचा लाइनर आहे. तो तितका धावत नाही, ब्रशने रेषेभर न्यावा लागतो आणि कडा थोडी मऊ दिसते. पण जोडलेल्या सांध्यात गेला तरी खोबण शाबूत राहते. बारीक टोकाचे लाइनिंग पेन हाही चांगला पर्याय आहे. टोक टेकवताच शाई आपोआप पळते अशी पेने मात्र वेगळी. त्यातली शाईही एनॅमल लाइनरसारखीच फटीत धावते, तिला तेच नियम लावा. त्वचेच्या पार्टसाठी काळा लाइनर नको. बोटांत आणि गुडघ्यामागे काळी रेघ मळासारखी दिसते. नारिंगी-तपकिरी घ्या.

लाइनर मागितला की आम्ही आधी ‘किट जोडून झाले का?’ असे विचारतो. ही चौकशी काही ग्राहकांना नकोशी वाटते. पण उत्तर ‘हो’ असेल तर आम्ही दुसरी बाटली सुचवतो, आणि तिची विक्री आम्हाला जास्त फायद्याची आहे म्हणून नव्हे. एक तडकलेली मांडी म्हणजे तुमचे अडलेले किट आणि सुट्या पार्टसाठी लांबलेली वाट. उत्पादक एकटा पार्ट सहजी देत नाही, बऱ्याचदा अख्खा रनर किंवा दुसरे किटच घ्यावे लागते.

बाकीच्या प्रश्नांची उत्तरे थोडक्यात. गेट, म्हणजे पार्टला रनरशी जोडणारा तुकडा, एकदम पार्टला लागून कापला की तिथे पांढरा डाग पडतो. आधी लांबून कापा, मग उरलेला तुकडा कापा आणि 400, 600, 1000 असे घासत जा. त्वचेच्या पार्टवर मॅट टॉपकोट दिला की घासल्याच्या खुणा झाकल्या जातात आणि प्लास्टिकची चमक मरते. रंग अजिबात द्यायचा नसेल तरी एवढे एक करा, किटचे रूप बदलते. दंड आणि मांडीवरची दोन तुकड्यांमधली जोडरेषा घालवायची असेल तर दोन्ही कडांना सिमेंट लावून दाबा, वितळलेले प्लास्टिक बारीक कडेसारखे वर यायला हवे. ते किमान दोन दिवस वाळू द्या. घाईने घासले तर आतले मऊ प्लास्टिक नंतर आक्रसते आणि रंगाखालून खाच परत दिसू लागते. पीईच्या मऊ पॉलीकॅपवर, म्हणजे सांध्यात बसणाऱ्या टोप्यांवर, रंग धरत नाही, तिथे प्रयत्न नको.

चेहऱ्याला जपा. डोळे कारखान्यात छापलेले असतात, त्यावर लॅकर थिनरचा बोळा फिरला की पापण्यांसकट निघून जातात. चेहऱ्यावर मॅटचे हलके हात द्या आणि ओला थर कधीच साचू देऊ नका. गालांची लाली मॅट वाळल्यावर पेस्टलच्या भुकटीने, मऊ ब्रशने द्यावी. मनासारखी झाली नाही तर पुसता येते. त्यावर पुन्हा मॅटचा एक हात दिला की ती टिकते. कपाळावर बटांखाली क्लिअर ऑरेंज या पारदर्शक नारिंगी रंगाची अगदी फिकट सावली दिली तर केस डोक्यावर बसवल्यासारखे न दिसता तिथलेच वाटतात. हे काम एअरब्रशने उत्तम होते. 0.3 मिलिमीटरचे नोझल, पातळ रंग आणि कमी दाब ठेवा. सावली आधी नको असलेल्या जुन्या पार्टवर करून पाहा, क्लिअर रंग थरागणिक भराभर गडद होतो. डोळे बदलायचे असतील तर काही किटमध्ये कोरे चेहरे आणि पाण्याचे डिकल, म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायची छापील चित्रे, मिळतात. डिकल ग्लॉसवर लावा. मॅटच्या खरखरीत पृष्ठभागावर कडेखाली हवा अडकते आणि ती कड चंदेरी दिसते.

हवा दमट असेल त्या दिवशी स्प्रे टाळा, मॅटवर पांढरे धुके धरते. लॅकरचे काम खिडकी उघडून आणि सेंद्रिय वाफांसाठीचे फिल्टर असलेला मास्क लावूनच करा. कापडी मास्क धूळ थोडीफार अडवतो, वाफ नाही.

चीर पडलीच असेल तर सगळे संपले असे नाही. खुंटी हळूच काढा आणि पार्ट एक दिवस उघडा ठेवा, म्हणजे आतले थिनर उडेल. पीएसचा पार्ट असेल तर चिरेच्या टोकाला पातळ सिमेंटचा थेंब टेकवा, तो आपोआप आत ओढला जाईल. कडा दाबून धरा आणि दोन दिवस हात लावू नका. एबीएसला साधा सिमेंट नीट धरत नाही, त्यासाठी एबीएसचा सिमेंट वेगळा मिळतो. सुपरग्लूही चालतो, पण तो फिरत्या सांध्यात गेला तर सांधा कायमचा जाम होतो, म्हणून सुईच्या टोकाने लावा. परत जोडण्यापूर्वी खुंटी घासून बारीक करा. तिची जाडी आधीइतकीच राहिली, तर चीर त्याच जागी पुन्हा उघडते. भिंतीचा तुकडाच निघाला असेल तर पार्ट आमच्याकडे पाठवा. आतून पितळी नळी बसवून खोबण नव्याने करता येते. त्यासाठी समोरची खुंटीही सोबत लागते.

पार्ट बदलून देण्याचा आमचा नियम असा. खोका उघडल्यावर काहीही कापण्याआधी प्रत्येक रनरचा दोन्ही बाजूंनी फोटो काढा. रनरवर असतानाच तडा, अर्धवट भरलेला साचा किंवा हरवलेला पार्ट दिसला, तर तो दोष किटचा आहे. तो आम्ही उत्पादकाकडे मांडतो आणि पाठपुरावा आमचाच असतो. चिरेत लाइनर दिसत असेल तर दोष किटचा धरता येत नाही, कारण तसे केले तर खरोखर दोष असलेल्या ग्राहकाचे म्हणणेही उत्पादक मानणार नाही. अशा वेळी दुरुस्ती करून देतो किंवा सुटा रनर शोधतो.

ज्यांच्याकडे स्प्रेसाठी जागा नाही त्यांच्यासाठी आम्ही प्रायमर (रंगाआधीचा थर), ग्लॉस आणि मॅटचे काम करून देतो. लाइनर आणि डिकल तुम्ही घरी करा, मधले थर आमच्यावर सोडा. पार्ट सुटे आणि घासलेले हवेत. ते काडीवर क्लिपने लावून पाठवले तर काम लवकर होते. क्लिप शक्यतो खुंटीला लावा, दिसणारा भाग मोकळा राहू द्या. जोडलेले किट पाठवू नका. ते सोडवताना खुंटी तुटण्याचा धोका असतो, म्हणून आम्ही ते तसेच परत करतो.