‘मालवणला केलंय की स्कूबा!’ : डिस्कव्हर आणि ओपन वॉटर यांतला घोळ

ऑक्टोबर उजाडला, मस्कतची हवा जरा माणसात आली, की मराठी ग्रुपवर एक मेसेज येतोच. ‘दयमानियातला डायव्हिंगला जायचंय. आम्ही चौघं. स्कूबाचा अनुभव आहे.’ (दयमानियात म्हणजे मस्कतजवळची बेटं.) खोदून विचारलं की कळतं, अनुभव म्हणजे मालवण नाहीतर तारकर्ली, वीसेक मिनिटं पाण्याखाली आणि घरी नेलेला व्हिडिओ. मग डायव्ह सेंटरवाला डायव्हरचं कार्ड, म्हणजे कोर्स केल्याचा दाखला, मागतो, कार्ड नसतं, तो म्हणतो तुम्हाला डिस्कव्हरच करावं लागेल, आणि ग्रुपवर त्याच्या नावाने शिमगा सुरू होतो. ‘आधी केलंय म्हणून सांगतोय, तरी पुन्हा पहिलीत बसवतोय.’

बसवतोय ते बरोबरच आहे. मालवणला जे केलं ते डिस्कव्हर, म्हणजे चाखून बघणं. कार्ड मिळतं ते ओपन वॉटरचा कोर्स केल्यावर. दोन्हींत टाकी तीच, मास्क तोच, मासेही साधारण तेच, म्हणून लोकांना वाटतं की एक लहान आणि दुसरं मोठं, एवढाच काय तो फरक.

डिस्कव्हरबद्दल फार सांगत नाही, ते बहुतेकांनी केलेलंच आहे. फॉर्म भरायचा, उथळ पाण्यात तोंडाने श्वास घ्यायची थोडी सवय करायची, खुणा शिकायच्या आणि खाली जायचं. मालवणला कमी लेखायचा हेतू नाही. तारकर्लीलाच एमटीडीसीची स्कूबा शिकवणारी संस्था आहे आणि तिथे पूर्ण कोर्सही होतो. सुट्टीला गेलेले लोक तो करत नाहीत, हा भाग वेगळा.

वरवरचे फरक एका दमात सांगून टाकतो. पॅडी ही स्कूबाचं कार्ड देणारी संस्था; तिच्या नियमांप्रमाणे डिस्कव्हरची मर्यादा 12 मीटर, ओपन वॉटरची 18. डिस्कव्हर अर्ध्या दिवसात उरकतं; ओपन वॉटरला थिअरी, पूलमधली पाच सत्रं आणि समुद्रातल्या चार डायव्ह, म्हणजे दोन वीकएंड तरी धरा. दोन्ही दहाव्या वर्षापासून करता येतात, मात्र लहानांच्या कार्डावर खोलीची आणि सोबतीची बंधनं असतात. पॅडी की एसएसआय (तशीच दुसरी संस्था), या वादात कृपा करून पडू नका. दोन्हींचं कार्ड जगभर चालतं. शिकवणारा माणूस कसा आहे ते बघा.

आता मुख्य गोष्ट.

डिस्कव्हरमध्ये तुमच्या मागे किंवा बाजूला इन्स्ट्रक्टर असतो आणि त्याचा एक हात तुमच्या टाकीच्या गळ्याशी असतो. व्हिडिओ पुन्हा लावून बघा, कोपऱ्यात तो हात दिसेल. अंगातल्या फुगवता येणाऱ्या जॅकेटात हवा किती भरायची, किती सोडायची, हे तो ठरवतो. टाकीचा काटा तो बघतो. वर कधी यायचं आणि कुठल्या वेगाने, तेही तोच. तुमच्याकडे कामं दोनच: श्वास चालू ठेवायचा आणि नाक दाबून कान मोकळे करायचे. थोडक्यात, त्या डायव्हमध्ये तुम्ही सामान असता. जपून नेलेलं, पण सामान. म्हणूनच डिस्कव्हर दहा वेळा केलं तरी त्याची बेरीज होऊन ओपन वॉटर होत नाही. टाकीवरचा हात दहाही वेळा दुसऱ्याचाच असतो.

कोर्समध्ये तो हात काढून घेतात. आणि काढल्याबरोबर काय होतं हे कळल्याशिवाय बाकी सगळं व्यर्थ आहे.

नव्या माणसाला विचारा, पाण्याखालून वर यायचं तर जॅकेटाचं कुठलं बटण दाबशील? जवळजवळ प्रत्येक जण म्हणतो, हवा भरायचं. साहजिक आहे, फुगा वर जातो. पण कोर्समध्ये शिकवतात ते नेमकं उलटं: वर येताना जॅकेटातली हवा सोडत यायचं. पृष्ठभागावर एक वातावरणाचा दाब असतो, दहा मीटर खाली दोन, तीस मीटरवर चार. तीस मीटरवरून वीसवर आलात तर दाब चारावरून तीनावर येतो आणि जॅकेटातली हवा एक-तृतीयांशाने फुगते. दहा मीटरवरून पृष्ठभागावर आलात तर तीच हवा दुप्पट होते. अंतर दोन्हीकडे दहाच मीटर. फुगलेली हवा तुम्हाला आणखी वेगाने वर ओढते, वेगाने वर गेलात की ती आणखी फुगते, आणि बघता बघता माणूस बुचासारखा वर फेकला जातो.

जॅकेटाचं जे होतं तेच छातीचंही. सहा मीटरवर छाती भरून श्वास घेतला, घाबरून तोंड गच्च मिटलं आणि वर धाव घेतली, तर फुप्फुसातल्या हवेला दीडपटीहून जास्त जागा लागते. ती जागा छातीत नसते. फुप्फुस फाटतं, हवेचे बुडबुडे रक्तात शिरतात आणि मेंदूपर्यंत जाऊ शकतात. त्यामुळे ‘सहाच मीटर तर होतं’ हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं. हवा सगळ्यात जास्त फुगते ती वरच्या दहा मीटरमध्येच. खोल म्हणजे धोक्याचं आणि उथळ म्हणजे सुरक्षित, हा हिशोब इथे चालत नाही.

डिस्कव्हरमध्ये ही सगळी भानगड टाकीवरच्या हाताने सांभाळलेली असते, म्हणून तुम्हाला ती जाणवतही नाही. कार्डवाल्याला ती स्वतः करावी लागते. डाव्या हाताने जॅकेटाची नळी डोक्याच्या वर धरायची, अंगठा सोडायच्या बटणावर. थोडी हवा सोडायची, थोडं वर यायचं, पुन्हा सोडायची. नजर मनगटावरच्या कॉम्प्युटरवर, वेग मिनिटाला नऊ मीटरच्या आत. श्वास एकदाही अडवायचा नाही. पाच मीटरवर तीन मिनिटं थांबायचं. ही तीन मिनिटं नवख्याचं बिंग फोडतात. शिकलेला माणूस तिथे मांडी घातल्यासारखा तरंगतो; न शिकलेला हातांनी पाणी कापत कधी सात मीटरवर, कधी दोनवर.

एका जागी तरंगता येणं, ज्याला सगळे बॉयन्सी म्हणतात, ते बटणांपेक्षा श्वासावर जास्त चालतं. श्वास घेतलात की किंचित वर, सोडलात की किंचित खाली. पण लगेच नाही, क्षणभर उशिराने. हा उशीर अंगवळणी पडायलाच पूलमधली सत्रं लागतात. मस्कतजवळच्या बंदर खैरानच्या प्रवाळावर ज्यांनी गर्दीचा शुक्रवार बघितलाय त्यांना फरक सांगायला नको. ज्याला तरंगता येत नाही तो सायकल मारल्यासारखे पाय मारतो, वाळूचा ढग उठतो, आणि फिनचा फटका बसून पंजाएवढं प्रवाळ तुटतं. ते तेवढं व्हायला वर्षं गेलेली असतात. वर येऊन हाच इसम सांगतो की आज पाणी फार गढूळ होतं.

मास्कचंही तसंच. डिस्कव्हरमध्ये मास्कमध्ये पाणी आलं की खूण करायची, इन्स्ट्रक्टर काय ते बघतो. कोर्समध्ये गुडघ्यांवर बसवून मास्क मुद्दाम भरायला लावतात. नाकात पाणी, डोळे मिटलेले, आणि श्वास मात्र तोंडाने शांतपणे चालू. मग मास्कची वरची कड कपाळाला दाबायची, मान थोडी वर करायची आणि नाकाने लांब फुंकर मारायची. खालून पाणी निघून जातं. त्यानंतर मास्क पूर्ण काढून पुन्हा घालायचा. जोडीदाराची हवा संपली असं धरून आपला जादा रेग्युलेटर (तोंडात धरून श्वास घ्यायचं साधन) त्याला द्यायचा. कंटाळा येईपर्यंत हे करून घेतात, कारण खरोखर वेळ आली तर विचार करायला सवड नसते.

आता पोहणं. ‘पोहता येत नाही तरी स्कूबा होतं’ हे डिस्कव्हरपुरतं खरं आहे. कोर्सला नाही. न थांबता 200 मीटर पोहायचं (वेळेचं बंधन नाही, कुठलाही हात मारा), किंवा मास्क, फिन्स आणि स्नॉर्कल लावून 300 मीटर. शिवाय दहा मिनिटं आधाराशिवाय तरंगायचं. इथे आपले बिल्डिंग-पूलवाले अडतात. गच्चीवरच्या त्या छातीएवढ्या पाण्यात भिंतीपासून भिंतीपर्यंत जायचं, पाय टेकवायचे, केस मागे सारायचे, पुन्हा निघायचं: हे पोहणं नव्हे, आंघोळ आहे. पंधरा मीटरचा पूल असेल तर न टेकता चौदा फेऱ्या मारून बघा म्हणजे कळेल. गावाकडे पाठीला डबा बांधून विहिरीत शिकलेली माणसं इथे हमखास पास होतात. स्टाइल ओबडधोबड असते, पण पाय टेकायला तळ नसला की तरंगणं आपोआप येतं. ज्यांना येत नाही त्यांनी आधी दोन-तीन महिने नीट पोहायला शिकावं, स्कूबा कुठे पळून जात नाही.

मेडिकल फॉर्म दोन्हीकडे असतो आणि दोन्हीकडे लोक न वाचता सगळीकडे ‘नाही’ लिहितात. दमा, कानाचं ऑपरेशन, हृदयाचं दुखणं, यांपैकी काही असेल तर डॉक्टरची सही आणा. सेंटरवाल्याला फसवून त्याचं काही जात नाही.

आणि ते ‘ऑक्सिजन सिलिंडर’ एकदाचं थांबवा. टाकीत साधी हवा असते, दाबून भरलेली. शुद्ध ऑक्सिजन घेऊन सहा मीटरच्या खाली गेलात तर तो विषासारखा काम करतो, फेफरं येऊ शकतं. हेही कोर्समध्ये शिकवतात.

कार्ड हाती आलं की आणखी एक गोष्ट तुमच्या गळ्यात येते, ती म्हणजे डायव्हनंतरचे तास. विमानाचं बहुतेकांना माहीत असतं: एकच डायव्ह असेल तर निदान 12 तास, जास्त असतील तर 18 तास उड्डाण नाही. शुक्रवारी डायव्ह आणि रात्रीच्या फ्लाइटने मुंबई, हा बेत रद्द. पण ओमानमध्ये लोक फसतात ते जबल अखदर या डोंगरामुळे. सकाळी दोन डायव्ह, दुपारी जेवण आणि संध्याकाळी गाडी काढून डोंगरावर मुक्काम, हा इथला लाडका वीकएंड. तिथलं सैक पठार समुद्रसपाटीपासून सुमारे 2000 मीटरवर आहे आणि विमानाच्या केबिनमधला दाबही साधारण तेवढ्याच उंचीचा असतो. शरीराला विमान काय नि डोंगर काय, सारखंच. डोंगर आधी करा, समुद्र नंतर.

माझं मत विचाराल तर ज्यांचं मस्कतमध्ये दोन-तीन वर्षं राहायचं नक्की आहे त्यांनी दुसऱ्यांदा डिस्कव्हर करूच नये. एकदा आवडलं ना? मग पैसे कोर्सला लावा. काही सेंटर अलीकडेच केलेली डिस्कव्हरची डायव्ह कोर्समध्ये धरतात, तेवढं विचारून घ्या. सुट्टीला पुण्या-मुंबईत थिअरी आणि पूल उरकून चार डायव्ह इथे समुद्रात करायचीही सोय असते. फक्त तिथलं उरकल्याचा कागद वर्षाच्या आत आणा. दोन दिवसांसाठी येणाऱ्या पाहुण्यांना मात्र खुशाल डिस्कव्हर करू द्या. सासूबाईंना चार डायव्ह करायला लावू नका.

वेळ नोव्हेंबर ते एप्रिलमधली धरा. हिवाळ्यात पाणी 22-24 अंशांवर येतं, जाड वेटसूट लागतो, पण शिकायला समुद्र बरा. उन्हाळ्यात वर कोमट पाणी आणि खाली अचानक बर्फासारखा थर लागतो. पहिल्याच डायव्हला तो धक्का नको. दयमानियातची नऊ बेटं 1996 पासून राखीव आहेत, तिथे परवाना लागतो आणि कासवं-पक्ष्यांच्या विणीसाठी मे ते ऑक्टोबर बेटांवर उतरायला बंदी असते. डायव्हच्या बोटी तेव्हाही जातात. व्हेल शार्क दिसायची शक्यता जास्त असते ती साधारण ऑगस्ट ते ऑक्टोबर, म्हणजे हिवाळ्यात कार्ड घेतलेल्याच्या गाठीला तोवर दहा-बारा डायव्ह जमलेल्या असतात.

बंदर खैरानजवळ 2003 मध्ये मुद्दाम बुडवलेलं अल मुनासिर हे जहाज बघायची सगळ्यांनाच घाई असते. ते तीसेक मीटर पाण्यात बसलंय. ओपन वॉटरच्या 18 मीटरमध्ये त्याचा वरचाच भाग पदरात पडतो. तळापर्यंत जायचं तर पुढचा कोर्स करावा लागतो. आणि कार्डाला मुदत नसली तरी शेवटची डायव्ह कधी केली हे सेंटरवाला विचारणारच. वर्षभर पाण्यात गेला नसाल तर तो आधी रिफ्रेशर करायला सांगेल. तेव्हा पुन्हा ग्रुपवर शिमगा नको.