गोव्यात भाड्याची गाडी: ‘विमा आहे’ एवढ्यावर जाऊ नका
‘गाडीचा विमा आहे, ठोकली तरी काळजी नाही,’ असं गोव्यात सर्रास ऐकू येतं. ते खरं नाही. पांढऱ्या नंबर प्लेटवर काळे आकडे म्हणजे खासगी गाडी. तिच्या पॉलिसीत भाड्याने वापर वगळलेला असतो. अपघातानंतर विमा कंपनी दावा नाकारू शकते. स्वतः चालवायच्या अधिकृत गाडीची प्लेट काळी, आकडे पिवळे. थोडी स्वस्त पडते म्हणून पांढरी प्लेट घेऊ नका, कळकळीने सांगतो. काळ्या प्लेटचीही पॉलिसी बघाच: नुसती थर्ड पार्टी असेल तर समोरच्याची भरपाई होते, तुमच्या हातातल्या गाडीची नाही. आणि बंपरवरचा ओरखडा बहुधा डिपॉझिटमधूनच कापतात. किल्ली घेण्याआधी मालकासमोरच चाकांसकट व्हिडिओ काढा.