त्रेसष्टची फाइल

2019 साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘एकवीस’च्या जोडीला ‘वीस एक’ आलं आणि महाराष्ट्रभर गहजब झाला. मी मात्र मनातून खूश होतो. त्या दिवसांत मी एका पतसंस्थेच्या फोनला मराठी बोलायला लावत होतो, आणि ‘साठ तीन’ रूढ झालं असतं तर माझं रेकॉर्डिंग एका दुपारीत उरकलं असतं.

‘आपल्या खात्यात त्रेसष्ट रुपये शिल्लक आहेत’ असं सांगणारी फोनमधली बाई हे वाक्य कधीच बोललेली नसते. तिने सुटे तुकडे वाचलेले असतात. टेलिफोनच्या लाइनी आणि इंटरनेट यांच्या मधे गेटवे नावाची जी पेटी बसवलेली असते, तिच्यात या तुकड्यांच्या फायली असतात. फोन आला की गेटवे त्या एकामागून एक वाजवतो.

इंग्रजीत शून्य ते वीसच्या 21 आणि तीस ते नव्वदच्या सात अशा 28 फायलींत नव्व्याण्णवपर्यंत पोचता येतं. मराठीत पुऱ्या शंभर लागतात. एक ‘तीन’च बघा: तेवीस, तेहेतीस, त्रेचाळीस, त्र्याहत्तर. कात्री लावायला शिवणच सापडत नाही. शिवाय शंभर वेगळा, आणि एकशे ते नऊशे या नऊ फायली वेगळ्या.

जागेची अडचण मात्र नव्हती. गेटवे आवाजाच्या लाटेची उंची सेकंदाला 8000 वेळा मोजतो आणि प्रत्येक माप 8 बिटांत, म्हणजे एका बाइटमध्ये लिहितो. ‘त्रेसष्ट’ म्हणायला पाऊण सेकंद लागतो, म्हणजे 6000 बाइट. गंमत पुढे आहे. 8 बिटांत फक्त 256 पायऱ्या बसतात. त्या सारख्या उंचीच्या ठेवल्या तर मोठा आवाज नीट मोजला जातो, पण हळू आवाजाच्या वाट्याला जेमतेम दोन-चार पायऱ्या येतात आणि तो खरखरतो. म्हणून जिना मुद्दाम वाकडा बांधतात. पहिला बिट आवाजाची लाट शून्याच्या वर आहे की खाली ते सांगतो, पुढचे तीन बिट आठांपैकी कोणता मजला ते, आणि उरलेले चार त्या मजल्यावरच्या सोळांपैकी कोणती पायरी ते. पहिल्या दोन मजल्यांच्या पायऱ्या सारख्या. तिसऱ्यापासून दर मजल्याला पायरीची उंची दुप्पट. सगळ्याच पायऱ्या सर्वांत बुटक्या पायरीएवढ्या केल्या असत्या, तर 4096 लागल्या असत्या! वरच्या मजल्यांवर मापात चूक मोठी होते, पण तिथे आवाजही मोठा असतो, त्यामुळे ती कानाला जाणवत नाही. रात्री शेजारची कुजबुज ऐकू येते आणि विसर्जनाच्या मिरवणुकीत कानाशी येऊन ओरडावं लागतं, तसंच हे. ही पद्धत 1972 मध्ये जी.711 या नावाने जागतिक मानक झाली.

त्यात दोन पंथ आहेत. भारतात आणि युरोपात ए-लॉ (वरचा जिना त्याचाच), अमेरिकेत आणि जपानमध्ये म्यू-लॉ. ए-लॉ बाइटमधले एकाआड एक बिट उलटे करून (0 चा 1, 1 चा 0) पाठवतो, म्यू-लॉ सगळेच उलटवतो. माझ्या फायली चुकून म्यू-लॉमध्ये साठवल्या गेल्या, आणि फायलीच्या सुरुवातीला प्रकार सांगणारा मथळा नव्हता. गेटवेने त्या ए-लॉ समजून वाजवल्या. लाटेची वरची-खालची बाजू बरोबर आली, मजले मात्र चुकले. शब्द ओझरते कळत होते आणि शब्दांमधली शांतताही खरखरत होती. अर्धा दिवस मी वायर तपासत बसलो.

जाता जाता एक. फोनवरून ओंकाराची ‘कंपनं’ पाठवून उपचार करणारे असतात. साध्या टेलिफोन लाइनीसाठी आवाजाचा पट्टा साधारण 300 ते 3400 हर्ट्‌झचा धरलेला असतो. पुरुषाच्या खर्जातल्या ओंकाराचा मूळ सूर शंभर-सव्वाशे हर्ट्‌झचा, म्हणजे या पट्ट्याच्या बाहेरच. वरच्या सुरांवरून तो आपला मेंदू जुळवून घेतो. ज्या कंपनाचे पैसे घेतले, ते बहुधा वाटेतच गळालेलं असतं. पट्ट्याच्या वरच्या टोकाला ‘स’ची धार बोथट होते, म्हणून फोनवर ‘सहा’ की ‘दहा’ हे दोनदा विचारावं लागतं.

खरखर गेली, तरी बाई अडखळतच होती. सुटा वाचलेला ‘त्रेसष्ट’ शेवटी खाली उतरतो, आणि त्यापुढे ‘रुपये’ आलं की वाक्य मधेच संपल्यासारखं वाटतं. मग शंभरच्या शंभर आकडे पुन्हा वाचून घेतले, या वेळी सूर वर ठेवून.

वेळ सांगायला पतसंस्थेच्या रोखपाल बाईंनी ‘दहा वाजून तीस मिनिटे’ साफ नाकारलं, म्हणून ‘सव्वा’, ‘साडे’ आणि ‘पावणे’ भरले. चाचणीच्या दिवशी दुपारी यंत्र ठणठणीत आवाजात म्हणालं, ‘साडेएक वाजले आहेत.’ वाचणाऱ्या बाई तोवर काम संपवून गेल्या होत्या. ‘दीड’ आणि ‘अडीच’ मीच वाचले. त्या फोनवर दीड-अडीचला बाईंच्या वाक्यात मधेच माझा घोगरा आवाज येतो.