ब्रेक दाबला की डॅशबोर्ड का उजळतो?

जुन्या छोट्या गाडीत एक भुताटकी हमखास बघायला मिळते. गाडी उभी, सगळे दिवे बंद, आणि ब्रेक दाबला की पुढचे पार्किंग लाइट आणि डॅशबोर्डचे दिवे मिणमिणायला लागतात, मागचा ब्रेकलाइट मात्र ढिम्म. रात्री त्याहून गंमत, पार्किंग लाइट चालू असताना ब्रेक दाबला तर मागचा लाल दिवा वाढायच्या ऐवजी चक्क विझतो. मग कोणीतरी सांगतं की वायरिंग म्हातारी झालीय, पूर्ण बदलून टाका. बऱ्याचदा बदलायला काहीच लागत नाही हो, एक गंजलेला स्क्रू घासायला लागतो.

घरात बल्बला दोन तारा जातात, एकीने करंट येतो, दुसरीने परत जातो. गाडीत बहुतेक ठिकाणी तार एकच, परतीची वाट म्हणजे गाडीचा पत्रा. बॅटरीचा मायनस एका जाड पट्टीने बॉडीला आणि इंजिनला जोडलेला असतो, आणि प्रत्येक दिव्याची छोटी काळी वायर जवळच्या पत्र्यावर स्क्रूने कसलेली असते. याला सगळे अर्थिंग म्हणतात पण जमिनीशी त्याचा काही संबंध नाही, गाडी तर रबरावर उभी असते.

आता मागचा बल्ब बघा. त्यात दोन फिलामेंट असतात, ब्रेकची २१ वॅटची आणि पार्किंगची ५ वॅटची, आणि दोघांची अर्थिंग एकच. ती गंजून तुटली की ब्रेकचा करंट मोठ्या फिलामेंटमधून येतो आणि अडकतो, मग छोट्या फिलामेंटमधून उलटा शिरून पार्किंगच्या वायरीत घुसतो, तिथून पुढच्या पार्किंग बल्बांपर्यंत आणि डॅशबोर्डपर्यंत जाऊन त्यांच्या अर्थिंगने घरी परततो. म्हणून भलतेच दिवे लागतात, तेही मंद, कारण वाटेत एकामागे एक फिलामेंट आलेत. आणि रात्री विझतो का? कारण तेव्हा पार्किंगच्या वायरीत आधीच १२ व्होल्ट असतात, ब्रेक दाबला की दुसऱ्या टोकालाही १२, दोन्हीकडे सारखाच दाब, मग करंट वाहणार कुठे!

मारुती ८०० डिसेंबर १९८३ मध्ये आली आणि जानेवारी २०१४ मध्ये बनायची बंद झाली, म्हणजे आज सगळ्यात तरुण ८०० सुद्धा दहा वर्षांच्या पुढची आहे. इतके पावसाळे काढल्यावर कुठल्याही गाडीत तांब्याचं थिंबल (वायरीच्या टोकाची, स्क्रूखाली कसायची कडी), लोखंडी स्क्रू आणि मधे ओल असं त्रिकूट जमतं. दोन वेगळे धातू आणि खारट पाणी म्हणजे इवलासा बॅटरी सेलच झाला, त्यात लोखंड झिजतं आणि गंज धरतो. कोकणात समुद्राजवळच्या गाड्यांना हे लवकर होतं.

माझ्या मामांच्या गाडीचा सेल्फ, म्हणजे इंजिन सुरू करणारी मोटर, फिरेना, नुसतं खट्ट वाजायचं. नवीन बॅटरी टाकली, आठवड्यात परत तेच. मीटर लावला तर सगळीकडे साडेबारा व्होल्ट! इथेच लोक फसतात. डिजिटल मल्टिमीटर जेमतेम एक-दीड मायक्रोअँपिअर करंट घेतो, तेवढा तर सडक्या वायरीच्या शेवटच्या शाबूत धाग्यातूनही जातो. सेल्फला मात्र शंभर अँपिअरच्या आसपास लागतात. जोडात ओहमचा पन्नासावा भाग एवढा जरी रोध असला (साधा मीटर तो धड दाखवणार पण नाही) तरी १०० गुणिले ०.०२, म्हणजे दोन व्होल्ट तिथेच खलास. सेल्फ मारताना बॅटरी आधीच दहा-साडेदहावर येते, त्यातले दोन गंजाने खाल्ले तर मोटर फिरणार कशी.

म्हणून मोजायचं ते लोड असताना, म्हणजे खरा मोठा करंट वाहत असताना. मीटरची एक पिन बॅटरीच्या मायनसवर, दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर, गाडी न्यूट्रलला, आणि कोणालातरी सेल्फ मारायला सांगायचं. पाव व्होल्टच्या आत असेल तर अर्थिंग ठीक, एकच्या आसपास गेलं तर चोर सापडला. मीटर नसेल तर जंपर केबल (दोन्ही टोकांना चिमटे असलेली जाड वायर) मायनसवरून थेट इंजिनला लावून बघा. मामांचा सेल्फ तसं केल्यावर एका झटक्यात फिरला. त्याआधी त्यांचीच तक्रार होती की क्लचची केबल गरम लागते, तेव्हा आम्ही हसलो होतो, पण इंजिनची पट्टी गेल्यामुळे बिचारा करंट त्या केबलमधून परत येत होता!

हेडलाइट पिवळट पडणं हा याच घराण्यातला आजार. ५५ वॅटचे दोन बल्ब मिळून नऊ-एक अँपिअर घेतात, आणि बऱ्याच जुन्या छोट्या गाड्यांत तो सगळा करंट स्टिअरिंगजवळच्या स्विचमधून फिरून येतो, वाटेतच थोडे व्होल्ट खलास होतात. हॅलोजन बल्बचं व्होल्टेज १० टक्के घसरलं की उजेड साधारण ३० टक्के घटतो, १० नाही. त्यामुळे जास्त वॅटचे बल्ब टाकून काही मिळत नाही, उलट करंट वाढतो आणि स्विच वितळायला लागतो. रिले बसवा, म्हणजे स्विचमधून फक्त इशारा जातो आणि खरा करंट बॅटरीकडून जाड वायरीने सरळ येतो, अर्थात मधे फ्यूज टाकूनच.

गाडी चार दिवस उभी राहिली की बॅटरी डाऊन होत असेल तर डिकीचा दिवा आधी बघा. ५ वॅटचा बल्ब आत लागून राहिला तर ३५ अँपिअर-अवरची बॅटरी साडेतीन दिवसांत रिकामी.

फ्यूज सारखा उडतो म्हणून सिगरेटच्या पाकिटाची चांदी गुंडाळणारे अजूनही आहेत, त्यांना हात जोडून सांगतो, नका करू. वायरीतली उष्णता करंटच्या वर्गाने वाढते, करंट दुप्पट तर उष्णता चौपट. एक चौरस मिलिमीटर तांब्याच्या वायरीत १५ अँपिअरला मीटरमागे चारेक वॅट उष्णता होते, ३० ला पंधरा, आणि अशा दहा वायरी एकत्र टेपात गुंडाळलेल्या असतात.

अर्थिंग घासायला घेताना बॅटरीचा मायनस आधी काढायचा, प्लस नंतर. उलट केलं आणि प्लस खोलताना पाना चुकून पत्र्याला टेकला तर शेकडो अँपिअर पान्यातून धावतात. मायनस सुटलेला असेल तर तोच पाना कुठेही टेकू दे, करंटला परतीची वाटच नसते. मग थिंबल आणि पत्रा दोन्ही पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासा (रंगावरच स्क्रू कसून उपयोग नाही), घट्ट आवळा, वरून पेट्रोलियम जेली फासा. मामांनी जेली जरा जास्तच फासली, पण तीन पावसाळे झाले, अजून खट्ट वाजलेलं नाही.